‘टीम प्लेअर’ हा शेरा लिहिण्याआधी : टीमप्रमुखांना एक खुलं पत्र

प्रति,
लहानमोठ्या टीमचे प्रमुख, सुपरवायझर, मॅनेजर आणि विभागप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

मी क्वालिटीतला माणूस. तयार माल मोजायचा, रीडिंग लिहायची आणि खाली सही करायची, हे काम मी बावीस वर्षं केलं. हे पत्र मात्र मोजमापाबद्दल नाही. दरवर्षी अप्रेझलचे फॉर्म भरताना तुम्ही एका रकान्यात जो शेरा लिहिता, त्याबद्दल आहे. अमुक माणूस ‘टीम प्लेअर’ आहे, तमुक नाही. हा शेरा एका मुलाच्या नावापुढे लिहिला गेला तेव्हा मी त्याच खोलीत बसलो होतो. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण ती सकाळ काही डोक्यातून जात नाही. म्हणून आधी तीच सांगतो.

महिनाअखेर होती. बाराशे बुशचा, म्हणजे शाफ्ट (फिरणारा दांडा) ज्यात बसतो त्या पोकळ नळ्यांचा, एक लॉट त्याच दिवशी बाहेर पडायला हवा होता. बुशच्या आतल्या भोकाचं माप २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत हवं होतं. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका तपासनिसाने बत्तीस नग काढून मोजले, त्यातले पाच जास्त भरले. २५.०२७, २५.०२९ अशी ती रीडिंग होती. वरच्या मर्यादेपेक्षा सहा-आठ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जास्त, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा साधारण दहावा भाग. ऐकायला हे काहीच नाही. पण त्या भोकात शाफ्ट फिरायचा असतो. भोक सैल असलं की शाफ्ट थरथरतो, थरथरला की झीज होते, आणि झीज एकदा सुरू झाली की थांबत नाही.

तो मुलगा रीडिंगचा कागद घेऊन सकाळच्या मीटिंगला आला. पाचही आकड्यांभोवती त्याने पेन्सिलीने गोल केले होते. प्रॉडक्शनच्या प्रमुखांनी कागद न बघताच विचारलं, “जॉब गरम असताना मोजला असशील. थंड झाल्यावर बघितलंस का?” प्रश्न रास्त होता. धातू गरम असला की माप वाढतं, हे आमच्यातला शिकाऊ पोरगाही जाणतो. त्याने शांतपणे सांगितलं, “सर, नग रात्रभर स्टँडर्ड रूममध्ये वीस अंशांवर ठेवले होते. मोजले सकाळी.” मला अजून आठवतं, हे सांगताना त्याच्या आवाजात जराही चढ नव्हता. मापाची सगळी काळजी घेऊन तो आला होता.

मग मापाचा विषय मागे पडला. “असेंब्लीत बसतंय ना?” “ट्रक उभा आहे.” “सहा-सात मायक्रॉनसाठी अख्ख्या टीमला अडवणार का?” आणि शेवटी आमचे विभागप्रमुख, अगदी मायेने, “अरे, जरा टीम म्हणून विचार कर.”

त्याने माझ्याकडे बघितलं.

त्याच सकाळी, मीटिंगच्या आधी, मी स्वतः त्या लॉटमधले पाच नग एअर गेजवर, म्हणजे हवेच्या दाबाने भोक मोजणाऱ्या उपकरणावर, मोजले होते. दोन बाहेर होते. ती रीडिंग लिहिलेली चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात होती. मी ती काढली नाही. समोरच्या वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं आणि मूग गिळून बसलो. खोलीत आठ जण होतो. माझ्याशिवाय आणखी किमान दोघांना लॉटबद्दल शंका होती, हे मला नंतर कळलं. तेही गप्प बसले.

त्यानंतर जे झालं ते आमच्या क्षेत्रातल्या कोणालाही अनोळखी नसेल. “दुसरे बत्तीस काढा,” असं ठरलं. सुरुवातीच्या पेट्यांमधले, म्हणजे मशीनवरचं कापायचं टूल बदलण्याआधीचे नग काढले. ते मापात बसले. पहिला कागद फाइलमध्ये गेलाच नाही. दुसऱ्या कागदावर माझी सही आहे.

काही आठवड्यांनी तक्रार आली आणि अख्खा लॉट परत आला. चौकशी झाली. ‘प्राथमिक तपासणीत त्रुटी’ असा निष्कर्ष निघाला आणि प्राथमिक तपासणी ज्याची होती त्याच्यावर खापर फुटलं. म्हणजे लॉट बाद आहे असं सांगणारा जो एकच माणूस होता, त्याच्यावर. वर्षअखेरीच्या फॉर्मवर त्याच्यासाठी लिहिलं गेलं, ‘तांत्रिक बाजू चांगली, परंतु टीम प्लेअर नाही.’ चार महिन्यांनी त्याने नोकरी सोडली.

त्या दिवशी प्रामाणिक रस्ता बंद होता, असंही नाही. लॉट ‘होल्ड’वर टाकून शंभर टक्के तपासणी करता आली असती. बाराशे नग म्हणजे दोन माणसांचं एक-दोन दिवसांचं काम. नाहीतर ग्राहकाला सरळ कळवायचं होतं, की काही नगांचं माप इतकं जास्त आहे, चालेल का. याला आमच्याकडे डेव्हिएशन मागणं म्हणतात, आणि त्यासाठी एक मेल पुरते. ग्राहक कधी हो म्हणतो, कधी नाही. पण निर्णय त्याचा असतो आणि माहिती असून घेतलेला असतो. आम्ही तो निर्णय त्याच्या नकळत, त्याच्या वतीने घेऊन टाकला. नीतीचा प्रश्न नेमका इथे होता. सहा मायक्रॉनमध्ये तो नव्हता.

या प्रसंगावरून पुष्कळ जण एकच धडा काढतात, की माणसाने धीट असावं. मला तो पटत नाही. तो मुलगा धीटच होता. त्याच्याकडे माहिती होती, पुरावा होता, बोलायची रीत होती. कमी होता तो दुसरा आवाज, आणि दुसरा आवाज पुरवणं हे टीमचं काम होतं. प्रामाणिकपणा ही एकट्या माणसाच्या छातीची परीक्षा असते, असं आपण धरून चालतो. सगळा घोळ तिथेच सुरू होतो.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात केलेले प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी एखाद्या प्रशिक्षणात ऐकले असतील. एका रेषेच्या लांबीची रेषा तीन रेषांतून ओळखायची, एवढं सोपं काम. पण खोलीतले बाकीचे सगळे, आधी ठरवून, चुकीचं उत्तर देतात. अशा फेऱ्यांत खऱ्या सहभागी माणसांची साधारण एक तृतीयांश उत्तरं चुकली. समोर रेषा दिसत असूनही ती माणसं गर्दीची री ओढत राहिली. प्रशिक्षणात गोष्ट बहुतेक इथेच संपते. पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. ॲशने खोलीत फक्त एक माणूस असा ठेवला, जो खरं उत्तर देतो. तेवढ्याने चुकीच्या उत्तरांचं प्रमाण आधीच्या एक चतुर्थांशाच्या आसपास आलं. बाकीची गर्दी होती तशीच होती. एक सोबती मिळाला आणि माणसं डोळ्यांनी दिसतं ते बोलू लागली.

आमच्या मीटिंगमध्ये तो सोबती मी होतो. चिठ्ठी खिशात होती.

याहून फार मोठ्या प्रमाणावर हेच घडलं ते २७ जानेवारी १९८६च्या संध्याकाळी. चॅलेंजर हे अवकाशयान दुसऱ्या दिवशी सुटायचं होतं. त्याच्या बाजूच्या रॉकेटचे भाग मॉर्टन थायोकोल ही कंपनी बनवत असे. त्या भागांच्या सांध्यांमध्ये रबराची कडी होती, ओ-रिंग. थंडीत रबर कडक होतं आणि फट वेळेवर भरत नाही, ही भीती कंपनीच्या इंजिनिअरांना आधीपासून होती. त्या रात्री तापमान गोठणबिंदूखाली जाणार होतं. रॉजर बॉइसजोली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फोनवरच्या बैठकीत आकडे मांडून सांगितलं, उड्डाण करू नका. कंपनीनेही आधी तीच शिफारस केली. नासाच्या अधिकाऱ्यांनी नाराजी दाखवली. मग कंपनीच्या लोकांनी थोडा वेळ मागून फोनवरचा आवाज बंद केला आणि आपसात चर्चा केली. त्या चर्चेत इंजिनिअरिंगच्या उपाध्यक्षाला त्याच्या वरिष्ठाने सांगितलं, की इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. शेवटचा निर्णय चार मॅनेजरांनी घेतला. ज्यांनी आकडे आणले होते त्या इंजिनिअरांचं मत त्या घडीला कोणी विचारलंच नाही. फोन पुन्हा सुरू झाला तेव्हा शिफारस बदललेली होती. प्रक्षेपणाच्या ठिकाणी असलेल्या ॲलन मॅकडोनल्ड या कंपनीच्याच अधिकाऱ्याने त्यावर सही करायला नकार दिला. मग सही कंपनीच्या युटामधल्या कारखान्यातून आली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान फुटलं आणि त्यातल्या सातही जणांचा मृत्यू झाला.

हा प्रसंग मी वाचतो तेव्हा मला त्या बंद केलेल्या आवाजाचा विचार करावासा वाटतो. त्या अर्ध्या तासात खोलीत कोणी खोटं बोललं नाही. रबर थंडीत चांगलं चालतं, असंही कोणी म्हणालं नाही. फक्त कोणाला विचारायचं आणि कोणाला नाही, एवढंच बदललं. टीममधली अनीती बहुतेक वेळा अशीच आत येते, खोट्याच्या पावलांनी नव्हे तर न विचारलेल्या प्रश्नाच्या.

आणि नंतर काय झालं? चौकशी आयोगापुढे बॉइसजोली आणि मॅकडोनल्ड जे होतं ते बोलले. मॅकडोनल्डला कंपनीत खालच्या कामावर टाकलं गेलं. अमेरिकी संसदेतून दबाव आला तेव्हा त्याला पुन्हा जबाबदारी मिळाली, आणि सांध्यांची नवी रचना त्याच्याच नेतृत्वाखाली झाली. बॉइसजोलीशी मात्र सोबतच्या अनेकांनी बोलणं टाकलं. त्याची प्रकृती ढासळली आणि त्याने कंपनी सोडली. पुढे १९८८मध्ये त्याला वैज्ञानिक स्वातंत्र्य आणि जबाबदारीसाठीचा मानाचा पुरस्कार मिळाला, तो बाहेरच्या संस्थेकडून.

टीमप्रमुखहो, तुमच्यावरचं ओझं मला ठाऊक नाही असं समजू नका. शेवटची सात वर्षं मीही एका छोट्या टीमचा प्रमुख होतो. वरून तारीख येते, खालून अडचण येते आणि मधे तुम्ही असता. ट्रक खरोखरच दारात उभा असतो. आमचे विभागप्रमुख वाईट माणूस नव्हते. त्या मुलाच्या आईच्या आजारपणात त्यांनी त्याला मागितल्यापेक्षा जास्त रजा दिली होती. म्हणूनच सांगतो, चांगल्या माणसांच्या टीममध्येही हे घडतं, आणि ‘आमच्याकडे सगळी चांगली माणसं आहेत’ हे त्याचं उत्तर होत नाही.

एकोपा आणि एकमत यांत आपण गल्लत करतो. विमानाच्या कॉकपिटमध्ये ही गल्लत एकेकाळी शेकडो जिवांना भोवली. कॅप्टनचा शब्द शेवटचा, बाकीच्यांनी ऐकायचं. २७ मार्च १९७७ला टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने, समोरचं विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना, असं विचारलं होतं. कॅप्टनने ठामपणे उत्तर दिलं आणि विमान पुढे नेलं. इंजिनिअरने पुन्हा विचारलं नाही. अशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी कॉकपिटमधल्या वागण्याचंच प्रशिक्षण सुरू केलं. कनिष्ठाने शंका कशी मांडायची, कॅप्टनने ती कशी ऐकायची आणि काम कसं वाटून घ्यायचं, असं ते प्रशिक्षण. युनायटेड एअरलाइन्सने १९८१मध्ये त्याची सुरुवात केली.

त्याच कंपनीच्या एका विमानाचं १९ जुलै १९८९ला, हवेत असतानाच, शेपटीतलं इंजिन फुटलं आणि विमान वळवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. असं होईल हे धरून कोणी सरावच केला नव्हता. कॅप्टन ॲल हेन्स होते. प्रवाशांमध्ये त्याच कंपनीचा एक प्रशिक्षक होता. त्याने मदत देऊ केली आणि हेन्सनी त्याला थेट कॉकपिटमध्ये घेतलं. त्याने गुडघ्यांवर बसून उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल कमीजास्त करत विमानाला दिशा द्यायची, असं ठरलं. सू सिटीच्या धावपट्टीवर विमान कोसळलं, पण २९६ पैकी १८४ जण वाचले. पुढे आयुष्यभर हेन्स जिथे बोलायला जात तिथे सांगत, की ते प्रशिक्षण नसतं तर हे जमलं नसतं. मला त्यातली एक गोष्ट फार भिडते. तीस हजार तासांच्या आसपास अनुभव असलेला माणूस, सगळ्यांत कठीण घडीला, ‘मला यातलं माहीत नाही, तुला काय वाटतं’ असं म्हणू शकला. तिथे सगळे एकाच बाजूला होते, पण कोणी हो ला हो म्हणत नव्हतं.

तुमच्या टीममध्ये चुका कमी नोंदल्या जातात म्हणून खूश होऊ नका. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील असं त्यांना वाटलं होतं. आकडे उलटे आले. ज्या टीमचं नेतृत्व चांगलं, त्यांच्या नोंदींत चुका जास्त. चुका जास्त होत नव्हत्या, त्या जास्त सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या पोटात राहत होत्या. त्या पोटात कशा राहतात, ते मी फाइलमध्ये न गेलेल्या कागदावरून सांगू शकतो.

टार्गेटबद्दल थोडं. २०१६मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेत ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली गेल्याचं बाहेर आलं. आधीच्या काही वर्षांत बँकेने सुमारे ५,३०० कर्मचारी त्यासाठी काढून टाकले होते. पाच हजार माणसं एकाच वेळी, एकाच तऱ्हेने वाईट निघाली, हे मला पटत नाही. प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात बँकेच्या आठ सेवा मारायच्या, हा आकडा वरून आला होता, आणि तो कसा गाठला हे विचारणारं कोणी नव्हतं. एखादं टार्गेट सगळीकडे सहज पूर्ण होऊ लागलं, की अभिनंदनाची मेल टाकण्याआधी दोन माणसांना बाजूला घेऊन विचारा, कसं जमलं रे? हा प्रश्न संशयाने नको, कुतूहलाने हवा.

आता मागणं. यातली एकच गोष्ट करायची झाली, तर मीटिंगमध्ये सगळ्यांत कनिष्ठ माणसाला सगळ्यांत आधी बोलू द्या. लष्करी न्यायालयात सर्वांत कनिष्ठ सदस्याचं मत आधी घेण्याची जुनी पद्धत आहे, आणि तिचं कारण सरळ आहे. वरिष्ठ एकदा बोलला की कनिष्ठाचं मत ‘मत’ राहत नाही, तो विरोध होतो. आमच्या मीटिंगमध्ये त्या दिवशी सगळ्यांत आधी बोलले ते प्रॉडक्शनचे प्रमुख. माझ्या खिशातली चिठ्ठी तेव्हाच जड झाली. आधी मला विचारलं असतं, “तू काय मोजलंस?” तर मी खोटं बोललो नसतो. माझी तेवढी खात्री आहे. न विचारता सांगायची ताकद माझ्यात नव्हती, विचारल्यावर सांगायची होती. बहुतेक माणसं अशीच असतात. तुमची टीमही त्यांचीच बनलेली आहे.

आणि कोणी एकटा शंका घेऊन उभा राहिला, तर त्याच्याशी वाद घालण्याआधी बाकीच्यांकडे वळून विचारा, “आणखी कोणी हे बघितलंय का?” विचारून थांबा. तीन-चार सेकंदांची शांतता अवघड वाटते. ती भरून काढायची घाई करू नका.

विमान वाहतुकीतली आणखी एक पद्धत उचलण्याजोगी आहे. अमेरिकेत १९७६पासून वैमानिक स्वतःची चूक नासाकडे कळवू शकतात. नासा ती नाव काढून नोंदवते. मुद्दाम केलेली नसेल, गुन्हा किंवा अपघात नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर त्या चुकीबद्दल सहसा दंड होत नाही. परवाना देणारी आणि शिक्षा करणारी यंत्रणा वेगळी, ऐकून घेणारी वेगळी, ही यातली खरी मेख. तुमच्या कंपनीत तक्रारीची पेटी असेल, हॉटलाइनही असेल. पण तक्रार फिरून त्याच मॅनेजरच्या टेबलावर येत असेल, तर लोकांना ते पहिल्या आठवड्यातच कळतं. मग पेटी रिकामी राहते आणि वार्षिक अहवालात ‘एकही तक्रार नाही’ असं छापून येतं.

नुसती पद्धत आणली म्हणून काम होत नाही, हेही सांगायला हवं. शस्त्रक्रियेआधी टीमने मोठ्याने वाचायची एक यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८मध्ये काढली. त्यात छेद देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. एकदा नाव उच्चारलं की माणूस पुढे अडचणही बोलून दाखवतो, हा त्यामागचा विचार. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून बघितली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या १०१ रुग्णालयांत ती सरसकट लागू झाली, आणि २०१४मधल्या अभ्यासात म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. तिथे नेमकं काय कमी पडलं यावर जाणकारांत वाद आहेत. मी माझ्यापुरतं सांगतो. रकान्यात टिक मारताना मान वर न करणारी माणसं मी आयुष्यभर बघितली आहेत, आणि मीही तशा टिका मारल्या आहेत.

एक शंका तुमच्या मनात येईल, आणि ती बरोबर आहे. प्रत्येक आक्षेप घेणारा प्रामाणिक असतोच असं नाही. जुना राग काढायला नियमाचं पुस्तक उघडणारे असतात. काम नको म्हणून शंका काढणारे असतात. मी अशांसोबत काम केलंय आणि त्यांनी टीमला दिलेला त्रासही सोसलाय. पण ओळखणं इतकं अवघड नसतं. प्रामाणिक आक्षेप बहुतेकदा मालाबद्दल, कामाबद्दल, आकड्याबद्दल असतो, आणि माणूस आपला कागद तुमच्यापुढे तपासायला ठेवतो. दुसऱ्या तऱ्हेचा आक्षेप कोणा व्यक्तीबद्दल असतो आणि तपासायला काहीच हातात येत नाही. त्या मुलाने पाच आकड्यांभोवती पेन्सिलीने गोल केले होते. पेन्सिलीने, म्हणजे चुकलं असेल तर खोडता यावेत म्हणून.

श्रेयाबद्दलही इथेच सांगतो, कारण त्याचा याच्याशी जवळचा संबंध आहे. ज्या टीममध्ये एकाने रात्र जागून काढलेला आकडा दुसऱ्याच्या नावाने प्रेझेंटेशनमध्ये जातो, तिथे लोक आधी आपलं काम लपवायला शिकतात, मग माहिती, आणि शेवटी धोक्याची सूचनाही. कोणी काय केलं ते नाव घेऊन, सगळ्यांसमोर सांगा. चूक झाली तेव्हा ‘टीमची चूक’ म्हणणारे आणि जमलं तेव्हा ‘मी’ म्हणणारे प्रमुख मला पुष्कळ भेटले. उलट वागणारे दोनच भेटले. त्यांच्यासाठी मी आजही उठून जाईन.

आणि तो शेरा. ‘टीम प्लेअर नाही’ असं लिहायची वेळ आली, तर त्याखाली एक प्रसंग लिहा. कोणत्या दिवशी, कोणत्या कामात, त्याने काय केलं किंवा केलं नाही. प्रसंग लिहिताना हात अडखळला, तर तो शेरा खोडा. आमच्या विभागप्रमुखांना त्या फॉर्मवर प्रसंग लिहावा लागला असता, तर ‘याने बाद लॉट बाद म्हटला’ असंच लिहावं लागलं असतं.

गेल्या वर्षी मी त्या मुलाला फोन केला. नंबर शोधायला वेळ लागला. आता तो मुलगा कसला, चाळिशीला आलेला माणूस, दुसऱ्या एका कारखान्यात क्वालिटीचा प्रमुख. मी त्याला चिठ्ठीबद्दल सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्याने विचारलं, “किती आली होती सर, तुमची?” मी सांगितलं, पाचातली दोन बाहेर होती, २५.०२६ आणि २५.०२८. तो म्हणाला, “म्हणजे माझं गेज बरोबर होतं.” एवढी वर्षं त्याला, कुठेतरी आत, त्या गेजची शंका होती. आपण गप्प बसतो तेव्हा समोरच्याकडून काय काय काढून घेतो, हे मला त्या एका वाक्याने कळलं. मी माफी मागितली. त्याने ती घेतली, की नुसतं “असू दे सर” म्हणाला, मला अजून नीट ठरवता येत नाही.

फोन ठेवताना मी विचारलं, तुझ्याकडे आता कसं चालतं? तो म्हणाला, फार काही नाही केलेलं. लॉटला लाल टॅग, म्हणजे माल अडवल्याची चिठ्ठी, लागला, की तो काढायला दोन सह्या लागतात. एक विभागप्रमुखाची, म्हणजे त्याची स्वतःची. दुसरी, ज्याने टॅग लावला त्याची. मग तो कालच शिकाऊ म्हणून लागलेला पोरगा असला तरी त्याचीच.

आपला,
क्वालिटीत बावीस वर्षं काढलेला एक सहकारी